ठरलेल्या स्थितीतले पोपट

दुपारचे एक वाजून वीस मिनिटं झाली होती, बाळांनो, आणि एका जंगलात सगळे जण श्वास रोखून एका झाडाखाली उभे होते. हे सगळं तिथून सुरू झालं.

जंगलात घड्याळ कुठून आलं, असं मध्येच विचारायचं नाही. कोल्ह्याच्या मनगटावर होतं. तो लांबच्या जंगलात शिकून आला होता. लांबच्या जंगलात शिकून आलेल्यांच्या मनगटावर घड्याळ असतंच.

वेळ मात्र घुबडशास्त्रींनी काढून दिली होती. एक वीसचा मुहूर्त. त्यानंतर लगेच राहुकाळ लागत होता.

आता मुहूर्त कसला, ते सांगते. नीट मांडी घालून बसा.

त्या जंगलात जागोजागी माहितीच्या ढोल्या होत्या. म्हणजे जुनं झाड, त्याला ढोली, ढोलीत एक पोपट. येणारी-जाणारी पाखरं पोपटाला सगळं सांगून जायची. मग कुणीही यावं, झाडाखाली उभं राहावं आणि विचारावं. "उंबरं पिकली का?" "हत्ती कुठल्या वाटेने गेले?" "वाघ आज कुठल्या काठाला आहे?" पोपट उत्तर द्यायचा. पाहुणा असो नाहीतर घरचा, कुणाला नाही म्हणायचा नाही.

कोल्हा या ढोल्यांना सर्व्हर म्हणायचा. सर्व्हर म्हणजे काय, तर जो विचारलं की उत्तर देतो तो. तुम्ही आपलं ढोलीच म्हणा, काही बिघडत नाही.

पण ढोल्या होत्या तऱ्हेतऱ्हेच्या. एकीचं तोंड मोठं, एकीचं वाकडं. एक पोपट आधी मिरची दिल्याशिवाय तोंड उघडत नसे. दुसरा इतकं हळू बोलायचा की हत्ती निघून गेल्यावर हत्ती आल्याचं कळायचं. नदीकाठच्या उंबरावरचे राघूअण्णा तर, वाघ कुठे आहे विचारलं की वाघाच्या आजोबांपासून सुरुवात करायचे. कुठे ढोली गळायला लागली तर शेजारची खार तिच्यात शेवाळ कोंबायची. कुठे काही मोडलं तर ज्याला जमेल तो, जमेल तसं नीट करायचा.

आणि मग तक्रारी यायच्या. त्या जायच्या गवोजी महाराजांकडे.

गवोजी महाराज म्हणजे जंगलाचा राजा. जातीने गवा. सिंह त्या जंगलात नव्हता. वाघ होता, पण त्याला राज्यकारभारात रस नव्हता, फक्त जेवणात होता.

एक दिवस कोल्हा महाराजांपुढे उभा राहिला. त्याचं नाव लांबशेपटे साहेब.

"महाराज," तो म्हणाला, "हाताने काम करणं हेच मुळात चुकीचं. हात दमतो. हात विसरतो. आज एका ढोलीचं तोंड नीट केलं की उद्या दुसरीचं वाकडं होतं. आपण एकच नमुना ठरवू. टेकडीवरची तुमची स्वतःची ढोली जंगलात सगळ्यात उत्तम आहे. ती जशी आहे तशी मी सुतारपक्ष्यांकडून पाठ करून घेतो. मग ते जंगलभर फिरतील. प्रत्येक ढोली अगदी नमुन्यासारखी करतील. एकदा करून थांबणार नाहीत, फिरतच राहतील. कुठे काही बदललेलं दिसलं की आपोआप पहिल्यासारखं. तुम्हाला काही करायला नको."

महाराजांनी यातलं शेवटचं वाक्य नीट ऐकलं. ते त्यांना फार आवडलं.

म्हणून तो मुहूर्त. टेकडीवर सगळे जमले. सुतारपक्षी रांगेत बसले. पुढे त्यांचा मुकादम, लाल तुऱ्याचा. नारळ आणला होता. पेढे आणले होते. घुबडशास्त्री दिवसाचे जागे राहून डोळे मिचकावत होते. सगळं अगदी तयार होतं.

फक्त पोपट झोपला होता.

झोपणारच हो. सकाळपासून उत्तरं देऊन त्याचा घसा बसला होता. दुपारी त्याने एक पेरू खाल्ला, ऊन लागू नये म्हणून पळसाचं एक पान ढोलीच्या तोंडाला लावलं, आणि घटकाभर डोळा लागला. तुमच्या घरी नाही का आजोबा तोंडावर पेपर घेऊन पडत?

"त्याला उठवू का?" महाराजांनी विचारलं.

"उठवेपर्यंत मुहूर्त टळेल," घुबडशास्त्री म्हणाले.

"आणि नमुना म्हणजे नमुना," कोल्हा म्हणाला. "आहे तसा घ्यायचा. आपण मध्ये हात घालायला लागलो की झालं पुन्हा सुरू."

नारळ फुटला. कोल्ह्याने शीळ घातली. सुतारपक्ष्यांनी बघून बघून सगळं पाठ केलं. तोंड एवढं रुंद. तोंडावर पान, पळसाचं, टेकडीवरच्या झाडाचं. आत पोपट. पोपटाच्या पोटात पेरू. पोपटाचे डोळे बंद.

"झालं पाठ," मुकादम म्हणाला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोपट त्या आवाजानेही उठला नाही, इतका दमला होता.

आता आपण खाली नदीकाठी जाऊ. तिथे सगुणा राहायची.

सगुणा होती भेकर. भेकर म्हणजे हरणातली एक लहानशी जात. अंगाने बारीक, आवाजाने मोठी. भुंकते चक्क. तिला एक लेक होती, सोनकी. पायावर उभी राहून तिला फार दिवस झाले नव्हते. सगुणाचं सगळं लक्ष सोनकीत. सोनकी शिंकली तरी हिच्या पोटात गोळा. सोनकी शिंकली नाही तरी, का नाही शिंकली म्हणून गोळा.

उन्हाळा होता. ओढे आटले होते. नदीतही एकच डोह उरला होता, आणि त्या एका डोहावर सगळं जंगल पाण्याला यायचं. वाघही यायचा. तो कधी या काठाला असायचा, कधी त्या. म्हणून सगुणा रोज संध्याकाळी आधी उंबराखाली जायची आणि विचारायची, "अण्णा, वाघ कुठल्या काठाला?"

राघूअण्णा आजोबांपासून सुरुवात करायचे. सगुणा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत ऐकायची. शेवटी ते म्हणायचे, "...तर असा तो वाघ आज पलीकडे आहे." मग ती विचारायची, "नक्की ना?" अण्णा म्हणायचे, "नक्की." ती परत विचारायची, "अगदी नक्की?" मग अण्णा चिडायचे. ते चिडले की तिला खात्री पटायची. मग मायलेकी खाली उतरून पाणी प्यायच्या.

असं ते चाललं होतं. त्रासाचं होतं, पण चाललं होतं.

मुहूर्ताच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगुणा उंबराखाली आली तर ढोलीच्या तोंडावर पान. कडेने डिंक लावून नीट चिकटवलेलं.

"अण्णा? ओ अण्णा!"

आतून घोरण्याचा आवाज आला.

ती मागच्या पायांवर उभी राहिली, दातांनी पान ओढलं, आणि खाली टाकलं. उजेड आत गेला तसे अण्णांनी एक डोळा उघडला.

"कोण? सगुणा होय. अगं काय सांगू, सकाळी ही मंडळी आली, मला पेरू दिला..."

"पेरू राहू द्या. वाघ कुठल्या काठाला?"

"वाघ ना? आता या वाघाचे आजोबा..."

टक टक टक. सुतारपक्षी आले. त्यांनी खाली पडलेलं पान उचललं, डिंक लावला, पान जागेवर. एकाने आत पेरू सरकवला. बाकीच्यांनी खोडावर हळूहळू टकटक केली, पाळणा हलवल्यासारखी. अण्णांचा आवाज बारीक होत होत गेला आणि घोरणं सुरू झालं.

"अहो, अहो भाऊ!" सगुणा म्हणाली. "हे काय करताय? ते सांगत होते मला!"

"बाई, बाजूला व्हा," मुकादम म्हणाला. "ढोली बिघडली होती. पान पडलं होतं."

"पडलं नव्हतं. मीच काढलं."

"तोच बिघाड."

"पण मग तुमचा तो सर्व्हर बंद पडलाय असं म्हणा की."

मुकादमाला वाईट वाटलं. "बंद कसा असेल? बघा तरी एकदा. तोंड बघा, पान बघा, पोपट बघा. अगदी नमुन्यासारखा आहे."

"तो उत्तर देत नाही ना!"

"आमच्या नमुन्यात उत्तर नाही," मुकादम म्हणाला. अगदी साधेपणाने म्हणाला. वाईट नव्हता तो. "आमचं काम बघायचं, बाई. ऐकायचं नाही."

"मग तक्रार कुठे करायची?"

"ढोलीत."

"ढोली तर झोपलीय."

"मग तक्रार नाही म्हणायची," असं म्हणून ते पुढच्या ढोलीकडे उडाले.

त्या दिवशी सगुणा सोनकीला पाणी न पाजताच परत घेऊन आली. काय करणार? काठ माहीत नाही आणि लेकरू घेऊन उतरायचं कसं?

दुसऱ्या दिवशी तिने पान काढलं. अण्णा आजोबांपर्यंत पोचले आणि सुतारपक्षी आले. तिसऱ्या दिवशी अण्णा आजोबांना सोडून थेट वाघाच्या वडिलांपासून बोलायला लागले. एवढं केलं त्यांनी. तरी सुतारपक्षी आले. एकदा तर तिने अण्णांनाच रागाने विचारलं, "तुम्ही काही बोलत कसं नाही त्यांना?"

अण्णा जरा ओशाळले. "तसं चूकच आहे ते," ते म्हणाले. "पण पेरू चांगला असतो गं."

एका संध्याकाळी धीर करून ती अर्ध्या उतारापर्यंत गेली. एक वानर झाडावर खोकलं. तेवढ्याने ती सोनकीला ढुशा देत वर पळाली. सोनकीने पळता पळता खडकातल्या खळग्यात जीभ लावली. तेवढंच पाणी.

तिथे चिखलात भागाबाई लोळत होती. भागाबाई म्हणजे रानडुकरीण. तिला पोरं इतकी की तिलाच मोजता येत नसत.

"सगुणे, तुझं आपलं रोजचंच," भागाबाई म्हणाली. "पान हललं तरी जीव वर-खाली. चल माझ्याबरोबर खाली. मी कुणाला विचारून जाते का?"

"तुला सुळे आहेत भागाबाई. मला काय आहे?"

"तुला तोंड आहे. केवढ्याने भुंकतेस! माझी पोरं दचकून उठतात झोपेतून."

"वाघ दिसल्यावर भुंकून काय उपयोग? दिसायच्या आधी कळायला हवं ना."

भागाबाईने सोनकीकडे बघितलं. सोनकीचं नाक कोरडं पडलं होतं. कालपर्यंत ती फुलपाखरामागे उड्या मारत होती. आज फुलपाखरू तिच्या पाठीवर बसलं होतं आणि तिने ते हाकललंसुद्धा नाही.

"आई," सोनकी म्हणाली, "अण्णा उठले का?"

भागाबाईचा चेष्टेचा सूर गेला. "वर जा तू," ती सगुणाला म्हणाली. "महाराजांकडे जा. लेकरू घेऊन जा, म्हणजे त्यांना दिसेल. आणि तिथे गेल्यावर असं पुटपुटू नकोस. भुंक."

सगुणा निघाली. सोनकीला मागे ठेवायचा विचारही तिने केला नाही. भागाबाईच्या पोरांत ठेवली असती तर चिखलात लोळायला शिकली असती. आणि वाघाचा काठ माहीत नसताना लेकीला नजरेआड करायचं म्हणजे, नको रे बाबा.

वाटेत जेवढ्या ढोल्या लागल्या त्या सगळ्या तिने बघितल्या. बोरीवरची, सागावरची, हिरड्यावरची. सगळ्यांवर पान. सगळ्यांतून घोरणं. प्रत्येक ढोलीखाली कुणी ना कुणी उभं होतं. बोरीवरच्या ढोलीखाली एक म्हातारं कासव होतं. ते म्हणालं, "मी पाणी कुठे आहे ते विचारायला आलोय. उठतील थोड्या वेळाने." त्याच्या पाठीवर धूळ बसली होती.

टेकडीवर पोचली तर तिथे समारंभ चाललेला. लांबशेपटे साहेबांचा सत्कार होता. कारण काय, तर ढोल्या नमुन्यासारख्या झाल्यापासून महाराजांकडे एकही तक्रार आली नव्हती. इतकी वर्षं राज्य केलं, असं कधी झालं नव्हतं. महाराजांचे डोळे भरून आले होते. त्यांनी साहेबांच्या अंगावर वेलींची शाल घातली, हातात नारळ दिला. साहेब करवंदीच्या जाळीकडे पाठ करून उभे होते आणि भाषण करत होते.

"मी काही केलं नाही," साहेब म्हणत होते. "हेच तर यातलं वैशिष्ट्य आहे. कुणीच काही करत नाही. सगळं आपोआप होतं."

टाळ्या.

सगुणा मागे उभी राहून आधी पुटपुटली. कुणी बघितलं नाही. मग तिने सोनकीकडे बघितलं आणि भुंकली. अशी भुंकली की घुबडशास्त्री फांदीवरून घसरले.

"महाराज! पोपट झोपलेत!"

कोल्हा हसला. शिकलेलं हसू होतं ते, रागाचं नव्हतं.

"झोपलेले नाहीत, ताई," तो म्हणाला. "ठरलेल्या स्थितीत आहेत."

"म्हणजे झोपलेतच ना?"

"तो तुमचा शब्द झाला."

"अहो, घोरतायत!"

"सगळे?"

"हो, सगळे! बोरीवरचा, सागावरचा, आमचे अण्णा, सगळे!"

"सारखेच घोरतायत?"

"सारखेच!"

कोल्हा महाराजांकडे वळला. "ऐकलंत महाराज? आता तर जनतेतूनच दाद मिळतेय."

पुन्हा टाळ्या. सगुणाला रडूच फुटायचं बाकी होतं. पण ती सातवी शिकलेल्या पोरीसारखी हट्टी होती. अशा पोरी अर्धं कळलं की ते सोडत नाहीत.

"साहेब," ती म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, इथे जसं असेल तसं सगळीकडे होतं?"

"अर्थात."

"मग इथलं एक पान काढा. इथला एक पोपट जागा करा. सुतारपक्ष्यांना तेवढं पाठ करायला द्या. जंगलभर पोपट जागे होतील. तुम्हाला त्रासही नाही, आपोआप होईल."

कोल्ह्याने घड्याळात बघितलं. बाई बोलली ते बरोबर होतं, आणि सत्काराच्या दिवशी कुणी बरोबर बोललेलं त्याला चालत नव्हतं.

"करता येईल," तो म्हणाला. "पण नमुना बदलायचा म्हणजे मुहूर्त लागेल."

सगळ्यांनी घुबडशास्त्रींकडे बघितलं. शास्त्रींनी पंखांवर काहीतरी मोजलं. "आता एकदम दसरा," ते म्हणाले.

"दसरा?" सगुणा म्हणाली. "अजून वळीव पडला नाही आणि तुम्ही दसरा सांगताय? माझं लेकरू उद्याची संध्याकाळ काढतं का नाही मला माहीत नाही!"

महाराजांनी सोनकीकडे बघितलं. तिचे पाय थरथरत होते. राजा झाला तरी पोराबाळांचा बाप होता.

"नमुना दसऱ्याला बदलू," महाराज म्हणाले. "पण एकदा नुसतं उठवून बघायला काय हरकत आहे? बाईंना काय विचारायचं ते विचारू दे."

त्यांनी स्वतः शिंगाने पान बाजूला केलं. ढोलीतला पोपट हलला. डोळे चोळले. एवढी सगळी मंडळी बघून दचकला. पण कामाची सवय जुनी होती त्याची.

"विचारा," तो म्हणाला.

सगुणा पुढे झाली. "वाघ कुठे आहे?"

पोपटाने इकडेतिकडे बघितलं. त्याला आजोबांपासून सांगायची खोड नव्हती. तो सरळ बोलणारा होता.

"तुमच्या मागे," तो म्हणाला. "करवंदीच्या जाळीत. साहेबांच्या शेपटीजवळ. बसलाय तो, उडी मा..."

टक टक टक. सुतारपक्षी आले. पान जागेवर. पेरू आत. टकटक, टकटक. घोरणं सुरू.

"बिघाड दुरुस्त," मुकादम म्हणाला, आणि ते उडाले.

महाराजांचे कान जरा जड होते. "काय म्हणाला तो?" त्यांनी विचारलं.

"काही नाही महाराज," कोल्हा म्हणाला. "बिघाड झाला होता, त्या भरात काहीतरी बोलला. आता दुरुस्त झालंय. आणि बघितलंत, किती चटकन? तुम्हाला काही करावं लागलं का?"

"नाही," महाराज कौतुकाने म्हणाले.

सगळ्यांनी कडकडून टाळ्या वाजवल्या.

सगुणाने नाही वाजवल्या. तिने सोनकीला छातीने ढकललं आणि उताराला लागली. पळता पळता ती भुंकत होती, घसा फाटेपर्यंत भुंकत होती. पण वर टाळ्या चालल्या होत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांना दुसरं काही ऐकू येत नाही. वाघाला त्या टाळ्यांची फार मदत झाली.

थोड्या वेळाने टाळ्या थांबल्या आणि पळापळ झाली. टेकडी रिकामी झाली. मागे करवंदीच्या काट्यांवर वेलींची शाल तेवढी लोंबत राहिली. घड्याळही पडलं होतं म्हणतात.

महाराज धापा टाकत डोंगराआड जाऊन थांबले. राजा तो शेवटी राजा. त्यांनी मुकादमाला बोलावलं आणि हुकूम सोडला, "हे सगळं बंद करा. पोपटांना जागं करा."

मुकादमाने मान लववली. "साहेबांची शीळ झाली की करतो."

"कसली शीळ?"

"साहेब शीळ घालायचे. एक शीळ म्हणजे सुरू. दुसरी शीळ म्हणजे थांबा. तिसरी शीळ म्हणजे नवा नमुना पाठ करा. आम्ही फक्त शीळ ऐकतो, महाराज. आम्हाला तसं शिकवलंय."

"ती शीळ कुणाला येते?"

"साहेबांना."

महाराजांनी स्वतः शीळ घालून बघितली. गवा तो, शीळ कसली घालणार? मोठ्ठी शिंक आली. सुतारपक्ष्यांनी आदराने वाट बघितली, आणि मग ते पुढच्या ढोलीकडे निघून गेले.

मग महाराजांनी जंगलभर जाहीर करायला सांगितलं: लांबशेपटे साहेब आपल्यात नाहीत, पण त्यांचं काम क्षणभरही थांबलेलं नाही. माणूस गेला तरी चालू राहते, तिलाच व्यवस्था म्हणतात. सगळ्यांनी अभिमान बाळगावा. काही शंका असल्यास जवळच्या ढोलीत विचारावी.

सगुणा नदीकाठी पोचली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. सोनकी उंबराखाली बसली ती उठेना. तिचं डोकं तिच्याच पायांवर पडलं होतं.

"आता काय झालं?" भागाबाईने विचारलं.

सगुणाला सांगायला श्वासच नव्हता. ती मागच्या पायांवर उभी राहिली आणि पान ओढून काढलं. राग इतका होता की तिने ते पान खाली टाकलं नाही. दातांतच धरलं. आणि चिडल्यावर आपण नाही का पदराचं टोक चावत, तशी ती ते चावत राहिली. चावता चावता पान संपलं.

टक टक टक. सुतारपक्षी आले. मुकादमाने खाली बघितलं. वर बघितलं. मुळांच्या मागे बघितलं.

"पान कुठाय?"

"खाल्लं," सगुणा म्हणाली. तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं होतं.

"खाल्लं?" मुकादमाचा तुरा ताठ झाला. "बाई, असं नसतं हो करायचं! इथलं पान चालत नाही. नमुन्यात टेकडीवरच्या पळसाचं पान आहे. आता एवढ्या लांब जावं लागणार."

"मग जा की," भागाबाई मध्येच म्हणाली. "बिघाड असाच ठेवणार आहात का? बघा बरं, उघडी ढोली कशी दिसतेय. लाज वाटते बघायला."

सुतारपक्ष्यांना ते पटलं. सगळेच्या सगळे टेकडीकडे उडाले.

उंबराखाली शांत झालं. राघूअण्णांनी डोळे उघडले.

"कोण, सगुणा? अगं या वाघाचे आजोबा..."

"अण्णा, आजोबा नकोत! वडीलही नकोत! काठ सांगा, नुसता काठ!"

अण्णांना तसं बोलायची सवय नव्हती. त्यांनी मोठ्या कष्टाने आजोबा गिळले.

"पलीकडचा," ते म्हणाले. "पाखरं आत्ताच सांगून गेली. टेकडीवरून उतरून पलीकडे सावलीत पडलाय. पोट भरलंय त्याचं. काहीतरी शिकलेलं खाल्लंय, सहजासहजी पचायचं नाही."

"नक्की ना?"

"नक्की."

"अगदी नक्की?"

"सगुणे!" अण्णा चिडले.

तिला खात्री पटली. तिने सोनकीच्या मानेखाली डोकं घातलं आणि तिला उभी केली. उतारावर दोन पावलं टाकून ती थांबली. तिला ते म्हातारं कासव आठवलं, बोरीखाली उभं असलेलं. सागाखालचे, हिरड्याखालचे सगळे आठवले. त्यांच्या ढोलीखाली पान खाणारं कुणी नव्हतं.

ती वळली आणि जंगलाकडे तोंड करून भुंकली.

"वाघ पलीकडे! डोहावर या! वाघ पलीकडे!"

"एवढ्याने काय होतंय," भागाबाई म्हणाली, आणि चिखलातून उठून तिने तिच्या जाड्या आवाजात तेच ओरडून सांगितलं. तिच्या पोरांनी सांगितलं, सगळ्यांनी एकदम, काही कळू नये असं. झाडावरच्या वानराने सांगितलं. सागाकडून कुणीतरी सांगितलं. मग आवाज बारीक होत होत लांब गेला.

सोनकीने डोहात तोंड घातलं. आधी नुसतं नाक बुडवलं. मग प्यायला लागली, आणि पितच राहिली. सगुणा तिच्याजवळ उभी होती. तिची नजर पलीकडच्या काठावर, एक कान उंबराकडे, आणि एक कान लेकीच्या घोटांकडे.

तेवढ्यात सुतारपक्षी परत आले. नवं पान लावलं. पेरू दिला. टकटक केली. अण्णा आनंदाने घोरायला लागले.

"सगळं नमुन्यासारखं," मुकादम म्हणाला. तो उडता उडता एकदा डोहाकडे बघून गेला. तिथे आता बरीच गर्दी जमली होती. पण डोह त्याच्या नमुन्यात नव्हता.

तात्पर्य: बाळांनो, ढोल्या सारख्या असाव्यात, पोपट जागा असलाच पाहिजे असं नाही. जागा पोपट तऱ्हेतऱ्हेचं बोलतो, आणि त्यातून तक्रारी होतात. वाघ कुठे आहे हे कळणं हा बिघाड आहे. तो आपोआप दुरुस्त होत असेल तर मध्ये हात घालू नये, टाळ्या वाजवाव्यात. व्यवस्थेची काळजी करू नये. तिला आपली गरज नसते. एवढं करूनही कुणाच्या लेकराला तहान लागलीच, तर गुपचूप पान खावं, पटकन काठ विचारावा, आणि मुकादम टेकडीवरून परत यायच्या आत शेजारच्या बाईला कळवावा.

आत्ता वाघ पलीकडे आहे. पुढे सांगा.